नायलॉनच्या धाग्यावर चांदीचे नॅनोकण: धागा विद्युतवाहक करण्याची प्रयोगशाळेतील रीत

पैठणीच्या पदरातील खरी जर ही मुळात विजेची वाहक असते. चांदीची तार चपटी करून ती रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा, ही तिची जुनी रीत; अशा जरीला मल्टीमीटरची दोन टोके लावली की ‘कंटिन्युइटी’ची शिट्टी वाजते. बाजारातील स्वस्त प्लॅस्टिक जर मात्र तितकीच चमकत असूनही बहुधा गप्प राहते, कारण पॉलिएस्टरच्या पट्टीवरील धातूचा पातळ थर पारदर्शक लेपाखाली झाकलेला असतो. या लेखात जी कृती दिली आहे ती या दोन्हींहून वेगळी आहे. येथे धातू धाग्याभोवती गुंडाळायचा नसून पॉलिमरच्या प्रत्येक तंतूवर चांदीचे कण रासायनिक क्रियेने वाढवायचे आहेत, आणि ते इतके दाट वाढवायचे आहेत की ते एकमेकांना टेकतील. धागा त्यानंतरही धाग्यासारखाच वळतो, शिवता येतो, मागावर बाण्यात घालता येतो.

ही कृती मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि वस्त्रतंत्राच्या प्रयोगशाळांसाठी लिहिली आहे. पदव्युत्तर प्रकल्पाला ती नीट पुरते, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मार्गदर्शक सोबत असल्यास जमते. ती घरी, स्वयंपाकघरात किंवा वसतिगृहाच्या खोलीत करण्याची नाही. तिच्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, अमोनिया आणि सिल्व्हर नायट्रेट वापरावे लागते, आणि अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठवून ठेवले तर त्यातून स्फोटक साका तयार होऊ शकतो. फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढून नेणारे कपाट), डोळ्यांना गॉगल आणि हातांत नायट्राइलचे मोजे यांवाचून कामाला हात लावू नये. सिल्व्हर नायट्रेटचा डाग कातडीवर तासाभराने काळा पडतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. डोळ्यात गेले तर गोष्ट डागावर थांबत नाही.

कण किती, यापेक्षा कण टेकतात की नाही

शुद्ध चांदीची रोधकता सुमारे १.५९ × १०⁻⁸ ओहम-मीटर, म्हणजे सर्व धातूंत सर्वांत कमी. तांबे तिच्या अगदी जवळ आहे आणि पुष्कळ स्वस्तही आहे. परंतु तांब्याचे नॅनोकण हवेत चटकन ऑक्सिडीकृत होतात आणि तांब्याचे ऑक्साईड वीज नीट वाहून नेत नाही. सोने गंजत नाही, पण त्याच्या भावाविषयी सराफ्यात चौकशी केली की प्रश्न तेथेच मिटतो. म्हणून शिकण्यासाठी चांदीच योग्य.

नायलॉनमध्ये किंवा नायलॉनवर चांदीचे कण आले म्हणजे धागा वाहक झाला, असा नवख्याचा समज असतो. तसे होत नाही. कण सुटे असेपर्यंत धाग्याचा रोध मल्टीमीटरच्या मोजण्यापलीकडेच राहतो. कण वाढत वाढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग साखळी जुळली की रोध अचानक कोसळतो, आणि त्यानंतर अधिक चांदी चढवली तरी तो सावकाश उतरत जातो. पदार्थविज्ञानात या उंबरठ्याला पर्कोलेशन म्हणतात. सपाट पृष्ठभागावर वाटेल तसे विखुरलेले, एकमेकांवर चढू शकणारे गोल ठिपके घेतले, तर गणिताने हा उंबरठा सुमारे ६८ टक्के पृष्ठभाग झाकला गेल्यावर येतो. पुढील सर्व कृतीत धुणे, पाणी आणि पहिले बीज यांवर जो भर दिला आहे त्याचे कारण हेच आहे: तेलाचा एक डाग जेथे राहील तेथे साखळी तुटेल, मग बाकीच्या धाग्यावर कितीही चांदी असो.

किती चांदी लागते याचा अंदाज आधी कागदावर घ्यावा. २० मायक्रोमीटर व्यासाचे २४ तंतू असलेला धागा घेऊ, म्हणजे साधारण ७७ डेनिअरचा (डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन). प्रत्येक तंतूवर १०० नॅनोमीटर जाडीचा सलग थर चढला असे मानले तर एका तंतूवरील चांदीचे छेदक्षेत्र सुमारे ६.३ × १०⁻¹² चौरस मीटर येते, एका तंतूचा रोध सेंटिमीटरला सुमारे २५ ओहम येतो आणि २४ तंतू समांतर असल्याने धाग्याचा रोध सेंटिमीटरला जेमतेम १ ओहम. एवढ्यासाठी लागणारी चांदी मीटरला सुमारे १.६ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच लांबीच्या नायलॉनचे वजन ८.६ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात थर दाणेदार असतो. शिवाय सामान्य तापमानाला चांदीतील इलेक्ट्रॉन दोन टकरींमध्ये सुमारे ५० नॅनोमीटर जातो, त्यामुळे कण त्याहून लहान असले की दाण्यांच्या सीमा वाट अडवतात आणि रोध हिशेबाच्या कित्येक पट भरतो. तरीही हा आकडा वहीत लिहून ठेवावा. आपला थर आदर्शापासून किती दूर आहे हे त्याच्याशी तुलना केल्यावाचून कळत नाही.

पाणी हेच पहिले रसायन

मराठवाड्यात हे काम करणाऱ्याने सर्वांत आधी पाण्याकडे पाहावे. बोअरच्या पाण्यात, विशेषतः उन्हाळ्यात पातळी खोल गेल्यावर, क्षार आणि क्लोराईड भरपूर असतात, आणि क्लोराईड व चांदीचे आयन भेटले की सिल्व्हर क्लोराईडचा पांढरा साका पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १००० पर्यंत सूट दिली आहे. म्हणजे पिण्यास अगदी योग्य ठरलेले, २५० मिलिग्रॅमचे पाणी १०० मिलिलिटर घेतले तरी त्यात ०.७ मिलिमोल क्लोराईड असते. आपल्या द्रावणात चांदी असेल एकूण २ मिलिमोल. तिच्यातील तिसरा हिस्सा पाण्यानेच अडवला.

अमोनियात सिल्व्हर क्लोराईड बऱ्याच अंशी विरघळते, म्हणून पुढे द्रावण नितळ दिसले तरी फसू नये. क्लोराईड आतच असते आणि क्रियेची गती व थराचा पोत बिघडवते. डिस्टिल्ड पाणीच वापरावे. ते संपले असेल तर गॅरेजच्या दुकानांत कॅनमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी चालू शकते, मात्र परीक्षानळीत थोडे घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहावेत. जराशी दुधट छटा आली तरी ते पाणी येथे निकामी. आरओचे पाणीही या परीक्षेत अनेकदा नापास होते. भांडीसुद्धा शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच विसळावीत, नाहीतर नळाच्या पाण्याचे चंचुपात्रात वाळलेले क्षार पुन्हा तोच प्रश्न उभा करतात.

धागा निवडणे आणि धुणे

सुरुवातीला नायलॉन ६ किंवा नायलॉन ६६ चा, कमी पिळाचा, बहुतंतू धागा घ्यावा. नायलॉनच्या साखळीतील अमाइड गट चांदीला धरून ठेवण्यास मदत करतात, म्हणून बाजारातील चांदी चढवलेले पुष्कळसे धागे नायलॉनवरच बनवलेले असतात. मासेमारीचा तंगूस सहज मिळतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, क्षेत्रफळ कमी, आणि तो द्रावणात सारखा उसळून वर येतो. थर चढला तरी वाकवताच पापुद्र्याने निघतो. उलट फार पिळाच्या शिलाईच्या धाग्यात द्रावण आतील तंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पॉलिएस्टरवरही हे करता येते, पण त्याला बीज धरायला वेळ लागतो. त्याचा मार्ग पुढे थोडक्यात सांगितला आहे.

१० मीटर धाग्याची सैल लडी करावी. काचेच्या दोन कांड्यांच्या चौकटीवर ती अशी अडकवावी की धागे एकमेकांवर दाबले जाणार नाहीत, आणि ती बांधण्यासाठी रबरबँड मुळीच वापरू नये, कारण रबरातील गंधक पुढे चांदीला काळे करते. गिरणीत धाग्याला तेलकट लेप दिलेला असतो. तो काढण्यासाठी लिटरला सुमारे २ ग्रॅम सौम्य, विरंजक नसलेला डिटर्जंट घालून ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लडी अर्धा तास हलवावी, मग डिस्टिल्ड पाण्याने फेस जाईपर्यंत आणि त्यानंतर आणखी दोनदा धुवावी, आणि शेवटी इथेनॉलमध्ये पाच मिनिटे बुडवून काढावी. धुतलेल्या धाग्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो मण्यासारखा उभा न राहता पसरला पाहिजे. थेंब उभा राहत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, पुन्हा धुवावे.

कथिलाचे बीज

चांदीचे कण द्रावणात कोठेही जन्माला येऊ शकतात. ते धाग्यावरच यावेत म्हणून धाग्यावर आधी क्षपणक, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारे रसायन, बसवून ठेवायचा असतो, आणि त्यासाठी स्टॅनस क्लोराईड वापरतात. फ्यूम हूडमध्ये १ ग्रॅम स्टॅनस क्लोराईड डायहायड्रेट ४ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळवावे आणि मगच डिस्टिल्ड पाणी घालून १०० मिलिलिटर करावे. क्रम उलटा केला तर बेसिक क्लोराईडचा पांढरा गढूळपणा येतो. हे द्रावण ताजेच हवे, कारण हवेतील ऑक्सिजनने द्विसंयुजी कथिलाचे चतुःसंयुजी होते आणि ते चांदीला क्षपित करू शकत नाही. आधीच्या तुकडीने करून ठेवलेली बाटली प्रयोगशाळेत जवळजवळ नेहमी सापडते. तिच्यावर तारीख नसेल तर ती वापरू नये.

लडी या द्रावणात दहा मिनिटे हलवत ठेवावी आणि डिस्टिल्ड पाण्याच्या तीन भांड्यांतून विसळावी. येथे थोडी कसरत आहे. क्लोराईड राहिले तर पुढे चांदी अडवते, आणि विसळणे फार लांबले तर तंतूवर बसलेले कथिलही निघून जाते. तिसऱ्या भांड्यातील थोडे पाणी वेगळे घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा. किंचित धूसरपणा चालेल, दुधटपणा चालणार नाही. लडी वाळू न देता लगेच पुढच्या द्रावणात घालावी.

चांदीचे द्रावण

०.३४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे, म्हणजे ०.०२ मोलरचे द्रावण होईल. जुन्या कृतींत याच्या पाचपट तीव्र द्रावण सांगितलेले आढळते, पण वरचा हिशेब पाहिला तर १० मीटर धाग्याला आदर्श थरासाठी फक्त १६ मिलिग्रॅम चांदी लागते आणि या पातळ द्रावणातही ती २१६ मिलिग्रॅम आहे. तीव्र द्रावणाने थर जाड होत नाही. बहुतेक चांदी तळाशी काळा गाळ होऊन बसते आणि त्यातले सैल कण धाग्यावर चिकटून पुढे हाताला लागतात.

आता अमोनियाचे विरल द्रावण ड्रॉपरने थेंब थेंब घालावे. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळेतही पारा चाळिशीकडे जातो, आणि संहत अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. बाटली आधी बर्फाच्या पाण्यात गार करून, तोंड बाजूला ठेवून, हूडमध्येच उघडावी. पहिल्या थेंबांबरोबर सिल्व्हर ऑक्साईडचा तपकिरी ढग येतो, ढवळत थेंब घालत गेले की तो विरतो. ज्या थेंबाला द्रावण नितळ होईल त्याच थेंबाला थांबावे. अधिक अमोनिया घातल्यास चांदी त्याच्याशी घट्ट बांधली जाते आणि क्रिया रेंगाळते. मग सोडियम हायड्रॉक्साईडच्या १ मोलर द्रावणाचे काही थेंब घालून पीएच १०.५ ते ११ च्या दरम्यान आणावा. ढग पुन्हा आला तर अमोनियाच्या एकदोन थेंबांनी तो घालवावा. या क्षणापासून हे द्रावण त्याच बैठकीत वापरून संपवायचे आहे. जेवणाच्या सुट्टीसाठीसुद्धा ते तसेच ठेवून जाऊ नये.

क्षपणक म्हणून १ ग्रॅम शुद्ध डेक्स्ट्रोज २० मिलिलिटर पाण्यात विरघळवून तयार ठेवावे. दुकानातील चवीची ग्लुकोज पावडर नको, तिच्यात क्षार आणि इतर घटक असतात. ऊसपट्ट्यातल्या विद्यार्थ्यांकडून साखर चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज हे क्षपणक शर्करांत मोडत नाही; आम्लात उकळून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज केले तरच ती कामाची. गुळात क्षपणक शर्करा असतात, पण क्लोराईडसकट मातीतले आणखी पुष्कळ काही असते.

लडी आधी डेक्स्ट्रोज न घालता चांदीच्या द्रावणात सोडावी. दोनतीन मिनिटांत पांढऱ्या धाग्यावर फिकट पिवळसर-तपकिरी झाक येईल. कथिलाने चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिले आणि तंतूवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसले, ते हे बीज. पिवळा रंग चांदीच्या नॅनोकणांचाच आहे: काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे सुटे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्याला पिवळे दिसतात. झाक लडीवर सर्वत्र सारखी आली की नाही हे खिडकीशी धरून पाहावे. जेथे पांढरे पट्टे राहिले असतील तेथे धुणे कमी पडले आहे.

यानंतर डेक्स्ट्रोजचे द्रावण सावकाश ओतावे आणि लडी काचकांडीने हळू हलवत राहावी. तापमान २५ ते ३० अंश ठेवावे. उन्हाळ्यात चंचुपात्र थंड पाण्याच्या परातीत ठेवणे भाग आहे, कारण ४० अंशाला क्रिया धावते आणि चांदी धाग्याऐवजी द्रावणातच कोसळते. डिसेंबरच्या सकाळी याउलट कोमट पाण्याचा आधार द्यावा लागतो. वीज जाऊन हूडचा पंखा थांबला तर काम तेथेच थांबवावे, लडी काढून विसळावी.

पुढच्या अर्ध्या तासात जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, आणि प्रकल्पाचे खरे निरीक्षण तेच. आधीच १० सेंटिमीटरचे काही सुटे तुकडे लडीसोबत द्रावणात सोडावेत आणि दर तीनचार मिनिटांनी एकेक काढून, धुऊन, सुकवून मोजावा. पिवळा रंग तपकिरी होतो, मग काळपट करडा. करड्या रंगापर्यंत मीटर काहीच दाखवत नाही. मग एखाद्या तुकड्यावर आकडे मेगाओहममध्ये थरथरू लागतात, आणि त्यानंतरचा, दिसायला जवळजवळ तसाच तुकडा थेट काही शे ओहम किंवा त्याहून खाली येतो. धागा तेव्हाही काळसरच असतो. त्याला मंद रुपेरी झळाळी नंतर येते, म्हणून रंगावरून वाहकता ठरवू नये. वेळेच्या अक्षावर रोधाचा लॉग मांडला की उंबरठ्याचा कडा आलेखात स्पष्ट दिसतो.

चंचुपात्राच्या काचेवर आरसा आला आणि द्रावण करडे झाले की त्यातील जीव संपला. लडी काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवावी. रोध अजून जास्त वाटत असेल तर ताज्या द्रावणातून दुसरा थर द्यावा. यावेळी कथिलाची गरज नाही, कारण बसलेली चांदीच पुढच्या चांदीला क्रिया सुलभ करून देते. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर नेहमी चांगले धरतात.

उरलेले द्रावण त्याच दिवशी निकामी करावे

हूडमध्ये ढवळत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून द्रावण आम्लधर्मी करावे. त्याने अमोनियाची पकड सुटते, स्फोटाचा धोका जातो आणि चांदी सिल्व्हर क्लोराईड होऊन खाली बसते. चंचुपात्राच्या काठावर वाळलेले डागही याच आम्लाने लगेच धुवावेत. वाळलेला काळा पापुद्रा खरवडू नये. साका गाळून गडद बाटलीत जमा करीत जावे. वर पाहिले त्याप्रमाणे धाग्यावर चढते ती चांदी थोडी आणि उरते ती फार, त्यामुळे सराफ्यातील गाळ धुणाऱ्या झारेकऱ्याची चिकाटी येथे प्रयोगशाळेने दाखवावी: वर्षभराच्या तुकड्यांचा साका एकत्र केला तर त्यातून चांदी परत मिळवून पुन्हा सिल्व्हर नायट्रेट करता येते. चांदीचे आयन जलचरांना विषारी आहेत, म्हणून गाळलेले पाणीही थेट मोरीत ओतू नये. कथिलाचे द्रावण वेगळ्या बाटलीत जावे.

कणांची सांधजोड

धुतलेली लडी ६० अंशाला सुकवून मग ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशाला अर्धा तास ठेवावी. चांदी ९६१.८ अंशाला वितळते हे खरे, पण नॅनोकणांच्या पृष्ठभागावरील अणू त्याच्या पुष्कळ खाली हालचाल करू लागतात आणि टेकलेल्या दोन कणांमध्ये अरुंद मान तयार होते. सांधा रुंदावला की रोध उतरतो. नायलॉन ६ सुमारे २२० अंशाला वितळते, त्यामुळे वितळण्याची भीती नाही, पण १२० अंशांपेक्षा अधिक तापमानाला किंवा फार वेळ ठेवल्यास ते पिवळे व कडक होते. पॉलिप्रॉपिलीन वितळते सुमारे १६० अंशाला. त्यासाठी १०० अंशाच्या आतच राहावे.

मोजमाप

दोन टोके लावून आलेला आकडा म्हणजे धाग्याचा रोध असे लिहून मोकळे होणे ही विद्यार्थ्यांची सवय आहे, आणि बाह्य परीक्षक तिच्यावर नेमके बोट ठेवतात. टोक आणि धागा यांच्या स्पर्शाचा रोध त्यात मिसळलेला असतो, आणि धागाच सेंटिमीटरला एकदोन ओहमचा असेल तर हा स्पर्शरोध त्याहून मोठा निघतो. सोपा उपाय असा: २, ४, ६, ८ आणि १० सेंटिमीटर अंतरावर रोध मोजून आलेख काढावा. रेषेचा उतार म्हणजे सेंटिमीटरमागे रोध, आणि रेषा शून्य लांबीला जेथे अक्ष छेदते तो स्पर्शरोध.

चार टोकांची पद्धत याहून चांगली, आणि तिला महागडे उपकरण लागत नाही. ९ व्होल्टची बॅटरी, ८.२ किलोओहमचा रोधक आणि मिलिअँपिअर दाखवणारा एक मीटर एकसरीत जोडून धाग्याच्या बाहेरील दोन टोकांतून सुमारे १.१ मिलिअँपिअर प्रवाह सोडावा. आतील दोन बिंदूंमधील विभवांतर दुसऱ्या मीटरने २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर वाचावे. व्होल्टमीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने स्पर्शरोध हिशेबातून निघून जातो. पावसाळ्यात मोजण्यापूर्वी धागा ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारे द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करावा, कारण नायलॉन ओलावा धरते आणि ओल्या धाग्यातील क्षारांचे आयन मेगाओहमचा खोटा आकडा दाखवतात.

यानंतर धागा पेन्सिलीभोवती पन्नासेक वेळा गुंडाळून सोडावा आणि पुन्हा मोजावा, चिकटपट्टी दाबून ओढावी व ती काळी होते का पाहावे, सौम्य डिटर्जंटमध्ये धुवावा. थर कसा दिसतो हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहायचे असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठ विभागांत चौकशी करावी. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्र शिकवले जाते, तेव्हा धाग्याची ताकद व घर्षण तपासण्याविषयी तेथे बोलणे सोयीचे.

ताणणाऱ्या आणि हट्टी तंतूंविषयी

नायलॉनवरचा थर ताणला की त्याला तडे जातात. कापड खरोखर ताणायचे असेल तर कण तंतूच्या बाहेर नव्हे, आतही हवेत. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१२ साली हे दाखवले: स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन या रबरी पॉलिमरच्या अतिबारीक तंतूंची चटई चांदीच्या क्षाराच्या द्रावणात फुगवली आणि आत मुरलेल्या क्षाराचे तेथेच क्षपण केले. चटई दुप्पट लांबीपर्यंत ताणल्यावरही तिची वाहकता सेंटिमीटरला सुमारे २,२०० सीमेन्स राहिली. शुद्ध चांदीच्या वाहकतेचा हा सुमारे तीनशेवा भाग आहे, पण रबरासारखा ताणणारा वाहक म्हणून फार मोठी. त्या मार्गात वापरले जाणारे हायड्राझीन अत्यंत विषारी असल्याने पदवीच्या प्रयोगशाळेत तो आणू नये.

पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन या हट्टी तंतूंसाठी पॉलिडोपामिनचा लेप हा कथिलाला चांगला पर्याय आहे. डोपामिन हायड्रोक्लोराईड मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, ट्रिस बफर, पीएच ८.५, आणि उघड्या भांड्यात रात्रभर ढवळणे. धाग्यावर तपकिरी-काळा लेप येतो, आणि त्यातील कॅटेकोल गट चांदीचे आयन स्वतःच क्षपित करून बीज रोवतात. डोपामिन महाग आहे, म्हणून नायलॉनवर हात बसल्यावरच याकडे वळावे.

जोडणी आणि जपणूक

तयार धाग्याला कथिलाचा डाग देऊन तार जोडायला जाऊ नये. डाग द्यायच्या तापमानाला नायलॉन वितळते, आणि वितळलेले कथिल चांदीचा पातळ थर स्वतःत विरघळवून टाकते. तांब्याच्या बारीक नळीत धागा घालून पक्कडीने दाबावा, किंवा चांदीच्या पेस्टचा ठिपका द्यावा, किंवा धागा धातूच्या टिचबटणाच्या छिद्रांतून पाचसहा वेळा घट्ट शिवावा. कपड्यात वापरायचे असेल तर शेवटचा उपाय सर्वांत टिकाऊ. मागावर घालताना हा धागा ताण्यात नव्हे, बाण्यात घालावा, कारण ताण्याच्या धाग्यांना फणीचे घर्षण सतत सोसावे लागते.

हवेतील हायड्रोजन सल्फाईडने चांदी काळवंडते, म्हणून लडी बंद पिशवीत, रबर आणि लोकर यांपासून दूर ठेवावी. क्लोरीनयुक्त विरंजक एकदाही लागू देऊ नये. अंगावर घालायच्या कापडात घामाचे मीठ येणारच. तेथे जोडणीची टोके झाकून बाकीच्या धाग्यावर पॉलियुरेथेनचा विरल लेप द्यावा, आणि लेपानंतर रोध पुन्हा मोजून लेबलवर तारखेसह लिहावा.